मुखेडची बरणी

मराठवाड्यात मी पहिल्यांदा गेले ती एक प्लास्टिकची बरणी परत करायला. लग्नाचं आमंत्रण होतं हे खरं, पण लग्न नांदेडला होतं आणि बरणीवर मुखेड लिहिलेलं होतं, म्हणून मी निघाले. लग्नाला जाताना ती बरणी कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली होती. गाडीत दोघांनी विचारलं, लोणचं आहे का.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्यावर. हायस्कुलात भूगोल शिकवून मी निवृत्त झाले, आणि त्यानंतर आम्ही चारजणी ओहोटीच्या वेळी वाळूवरचा कचरा गोळा करायला लागलो. पावसाळ्यात समुद्र काय काय आणून टाकतो ते किनाऱ्यावर न राहणाऱ्याला सांगून पटत नाही. चपला, त्याही नेहमी एकाच पायाच्या. जाळ्यांची गुंतवळं, थर्माकोलचे दाणे, आपल्याला वाचता न येणाऱ्या लिप्यांमधल्या बाटल्या. त्यातल्या निवडक वस्तू मी शाळेच्या व्हरांड्यात मांडून ठेवते आणि मुलांना नकाशावर दाखवते, ही इथून आली असेल, ही तिथून.

श्रावणात ही बरणी आली. पाच लिटरची, हिरव्या झाकणाची. बुडाला शिंपल्यासारखे बारके जीव चिकटून वाळले होते. आणि पोटावर, तापल्या खिळ्याने कोरलेलं सुबक मराठी अक्षर. मिलिंद गो. सोनकांबळे. खाली गावाचं नाव, ता. मुखेड, जि. नांदेड. झाकण फिरवलं तर आत लाल पापुद्रा सुकलेला, आणि त्याला अजून लसणाचा वास होता.

भूगोलाच्या बाईला कोडं पडलं. नांदेडची गोदावरी पूर्वेला जाते. तिच्यात टाकलेली वस्तू फार तर आंध्राच्या किनाऱ्याला लागेल, माझ्या दारात कशी येईल? उत्तर एकच होतं. हा मिलिंद बोटीवर कामाला असणार, आणि चटणी संपल्यावर त्याने बरणी सरळ समुद्रात भिरकावली असणार. मला राग आला. थोडा आनंदही झाला, कारण आजवर हजारो वस्तू उचलल्या, पण टाकणाऱ्याचं नाव आणि पत्ता पहिल्यांदाच हाती लागला होता. त्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मार्गशीर्षात शैलाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा वाटलं, आता समक्षच जावं.

नांदेड

शैला आणि मी कोल्हापूरला बी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचं घर तीन पिढ्या मास्तरांचं. लग्नघरात पहिल्याच सकाळी माझ्यापुढे सुशीला आली. शैला म्हणाली, "घाबरू नकोस, ही भाजके मुरमुरे भिजवून केलेली." आमच्याकडे पोहे ज्या जागी असतात त्या जागी इथे सुशीला असते. दोन बशा खाल्ल्या.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती मला गोदावरीवर घेऊन गेली. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन सांडलं होतं, आणि कडेला कॅरीबॅगांचा एक फेसाळ पट्टा हलत होता. माझी नजर तिथेच गेली हे तिने ओळखलं.

"तू इथं बी उचलायला लागू नको," ती म्हणाली. "उद्या मुखेडला जाऊन काय बोलणारेस त्या माणसाला?"

मी तिला माझं भाषण म्हणून दाखवलं. ते मी गाडीत तयार केलं होतं. सुरुवात थट्टेने करायची, की तुमची बरणी विसरली होती, परत आणलीय. मग समुद्रातल्या कासवांविषयी, माशांच्या पोटात सापडणाऱ्या तुकड्यांविषयी सांगायचं. आणि शेवटी त्याच्याकडून शब्द घ्यायचा.

"बेस हाय," शैला म्हणाली. "पण आधी चहा पी त्यांच्या घरचा. मग बोल."

मुखेड

एसटी नायगाववरून गेली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात तूर पिवळी होऊन उभी, हरभरा गुडघ्याला. आमच्याकडे डोंगर आणि माड मध्ये येतात, नजर कुठेतरी अडते. इथे ती अडतच नाही. शेजारी बसलेल्या बाईने नरसीपर्यंत माझं गाव, माझी माणसं, माझं जेवण सगळं विचारून घेतलं. भाताशिवाय आम्ही काय खातो हे ऐकून तिला माझी फार दया आली, आणि उतरताना तिने शेंगांची एक पुडी माझ्या पिशवीत कोंबली.

मुखेडला बाजाराचा दिवस होता. मी रिक्षा विचारत होते. लोक म्हणत होते, ऑटो म्हणा. ऑटोवाल्याला गावाचं नाव सांगितलं आणि सोनकांबळ्यांचं घर म्हटलं तेव्हा त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं.

"बोटीवाल्याचं का?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने मान वळवली आणि किक मारली. मला तेव्हा काही खटकलं नाही. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्या घराने तसं सांगितलं आहे.

घर दोन खोल्यांचं, समोर सारवलेलं अंगण. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती. मिलिंदची आई गयाबाई उंबऱ्यात तूर निवडत बसली होती. "जय भीम, या," म्हणाली, आणि मी कोण हे न विचारता आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग चहा. शैलाचं ऐकून मी चहा संपवला.

मग बरणी काढली आणि तयार केलेलं वाक्य बोलले. "तुमचा मिलिंद समुद्रात कचरा टाकतो, तुम्हाला माहीत आहे का? मी परत घेऊन आलेय."

मी हसत होते. गयाबाई हसली नाही. तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ही कुठं घावली तुमाला?"

मी सांगितलं.

"टाकली न्हाई त्यानं," ती म्हणाली. "जहाजच बुडालं, बाई."

मग तिने सांगितलं ते असं. मिलिंद बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होता. गल्लीतला त्याचा जोडीदार संदीप, आयटीआय झालेला, त्याला मिलिंदनेच आपल्या बोटीवर इंजिनात काम लावून दिलं. गेल्या सालच्या आधीच्या साली त्यांचं जहाज एडनच्या आखातातून जात होतं. तिकडे लढाई चालू होती. कोण कुणाशी लढत होतं ते गयाबाईला नीट सांगता येईना. "आमच्या लेकरांचं त्यात काय व्हतं?" एवढंच ती म्हणाली. एक क्षेपणास्त्र येऊन इंजिनाच्या जागी बसलं. मिलिंद आणि बाकीचे होडीत उतरले. संदीप आत राहिला. दोन दिवसांनी जहाज तळाला गेलं.

मी खाली बघत राहिले. कासवांचं भाषण तसंच राहिलं आणि मला माझीच शरम वाटत होती. शाळेच्या व्हरांड्यातल्या माझ्या त्या फळीवर मुलं रोज बोट ठेवतात आणि मी सांगते, हे कुणीतरी निष्काळजीपणे टाकलं. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की एखादी वस्तू टाकलेली नसेल, कुणाच्या हातातून सुटलेली असेल.

"माझं पत्र मिळालं नाही का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

तिने पत्र्याच्या पेटीतून माझा लिफाफा काढला. फोडलेला नव्हता. "त्याच्या नावाचं व्हतं. मी कसं फोडू? आला की देईन म्हणलं."

"येत नाही का तो?"

"औशाला ऱ्हातो भैनीकडं. आल्यापासून गावात पाय न्हाई ठेवला." तिने समोरच्या गल्लीकडे पाहिलं. "तिथून दोन घरं सोडून संदीपची आई हाय. तिच्या दारावरून कसा येऊ म्हणतो."

तिने बरणी उचलली, पदर सारखा केला आणि निघाली. मी मागे गेले. संदीपच्या आईचं नाव सोजरबाई. साठीची, सडसडीत, कपाळ मोकळं. ती शेणी उचलून ठेवत होती. गयाबाईने बरणी तिच्यापुढे धरली.

"नाव माझ्या लेकाचं हाय," गयाबाई म्हणाली, "पण अक्षर तुझ्या लेकाचं हाय. याच वट्ट्यावर बसून खिळा तापवून काढलं व्हतं. ठिव तुझ्यापाशी."

सोजरबाईने आधी हात धुतले. मग बरणी घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने एकेक अक्षर बोटाने गिरवलं, सावकाश, सोनकांबळेच्या शेवटापर्यंत. मातीत घालायलाही तिला काही मिळालं नव्हतं. हे मला नंतर कळलं, पण तेव्हा तिच्या बोटाकडे बघूनच जाणवलं होतं.

त्या संध्याकाळी गयाबाईने मला जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दोघी बायका पहिल्यांदा हसल्या. सोजरबाईही तिथेच जेवायला बसली होती. मी सांगितलं की उद्या लातूरहून माझी गाडी आहे, आणि जमलं तर औशाला जाऊन मिलिंदला भेटेन.  सोजरबाई भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून बसली.

रस्त्यात

सकाळी मुखेडच्या स्टँडवर मी लातूरच्या गाडीत बसले, आणि माझ्या शेजारच्या जागेवर एक पिशवी येऊन पडली. मागोमाग सोजरबाई.

"मी बी येते," ती म्हणाली. "मी बोलावलं तर तो यायचा न्हाई. फोन बी उचलत न्हाई माझा. मी गेले तर उठून थोडाच जाईल?"

"गयाबाईंना सांगितलंत?"

"तिनंच भाकरी बांधून देली."

अहमदपूर गेल्यावर, चाकूरच्या अलीकडे गाडीचा टायर बसला. सगळे उतरून कडुलिंबाच्या सावलीला गेले. कोकणात असं झालं की लोक घड्याळ बघतात. इथे कुणीतरी शेंगा काढल्या, कुणीतरी शेजारच्या शेतातून हरभऱ्याचे डहाळे मागून आणले, आणि पाच मिनिटांत जत्रेसारखं झालं. सोजरबाईने भाकरी सोडली, अर्धी मला दिली.

खाता खाता तिने विचारलं, "समुद्र केवढा आसतो, बाई?"

समोर तुरीचं शेत आभाळापर्यंत गेलं होतं. मी म्हटलं, "हे सगळं पाणी आहे असं समजा. कुठेच बांध नाही. आणि हलतंय."

तिने पाहिलं. "मग तुमी काय करता तिथं?"

मी सांगितलं, आम्ही चौघी जातो, वाळूवरचा कचरा पोत्यात भरतो.

"मग साफ ऱ्हातो का?"

"नाही. दुसऱ्या दिवशी परत तेवढाच येतो."

"मग कामून उचलता?"

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे, आणि माझ्याकडे त्याची बरीच उत्तरं पाठ आहेत. तिथे त्या लिंबाखाली एकही सुचेना. मी म्हटलं, "दारातच आहे म्हणून उचलतो. दुसरं काही नाही."

ती हरभऱ्याचे घाटे सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "उचलत जा. माझं लेकरू हाय त्यात."

टायर बदलून झाला. आम्ही परत गाडीत बसलो. लातूर यायच्या आधी तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हललेच नाही.

औसा

लातूरहून औशाची गाडी लगेच मिळाली. मिलिंद बसस्थानकासमोरच्या एका लहानशा हॉटेलात भटारखाना सांभाळतो. त्याच्या आईने सांगितलं होतं, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जा. दोनच्या सुमाराला आम्ही पोचलो तेव्हा तो भज्यांचं पीठ कालवत होता. तिशीचा, दांडगा, केस आत्ताच पांढरे व्हायला लागलेले. मी बोलायला लागले तर त्याने मान वळवली. "इकडून बोला. ह्या कानानं ऐकू येत न्हाई."

तेवढ्यात त्याला माझ्यामागची सोजरबाई दिसली.

त्याने हात पिठातून काढले आणि तसाच उभा राहिला. पळाला नाही, पुढेही आला नाही. बोटांवरून पीठ खाली ओघळत होतं. सोजरबाईने बाक ओढला आणि बसली.

"खायाला काय हाय?" तिने विचारलं.

त्याने हात धुतले. एका ताटलीत गरम निलंगा राईस वाढला, वर कोथिंबीर घातली आणि तिच्यापुढे ठेवली. मलाही दिली. तिखट, पिवळाधमक, हळदीचा आणि डाळीचा तो भात कोकणातल्या कुठल्याही भातासारखा लागत नाही. मी ताटलीकडेच लक्ष देऊन खात राहिले, कारण त्या दोघांकडे बघायचा मला धीर होत नव्हता. सोजरबाईने ताटली पुसून घेतली. मग शेजारच्या बाकावर हात ठेवला.

"बस."

तो बसला.

"फोनवर कंपनीचा सायेब हिंदीत बोलला. मला निम्मं कळलं. तू सांग."

मिलिंदने सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, रस्त्यावरच्या बसकडे बघत होता. सकाळची वेळ होती. तो वर स्वयंपाकघरात होता, संदीपची खाली पाळी होती. मोठा आवाज झाला, मग आवाजच बंद झाले. वर धूर भरला. सगळे होडीकडे पळत होते, हा उलटा खाली पळाला.

"इंजिनाच्या दारापस्तोर गेलो, काकू. लोखंडी दार, लई तापलं व्हतं. मी हात लावला." त्याने उजवा तळवा उघडून दाखवला. मधली कातडी गुळगुळीत, चकाकणारी होती. "मी आवाज देला. संद्या, संद्या म्हणून लई आवाज देला. पर माझे कान गेले व्हते. माझा मलाच ऐकू येईना. त्यानं उलटून हाक मारली का न्हाई, मला ठावं न्हाई. मग मागून बोटीवरच्या सायबानं धरून वडत नेलं."

तो थांबला. हॉटेलचा मालक गल्ल्यावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

"आत आसंल आन् हाक मारत आसंल," मिलिंद म्हणाला, "आन् मी ऐकलं न्हाई. ह्येच डोक्यात फिरत ऱ्हातंय. तुमाला काय सांगू मी दारात येऊन?"

सोजरबाईने त्याचा तो तळवा आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरला.  शेगडीवरचं तेल तापून धूर द्यायला लागलं होतं. मी उठून गॅस बंद केला.

"तुला ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "पर तू हाक मारलीस न्हवं? त्याचे कान चांगले व्हते. त्याला ऐकू आलं आसंल."

मिलिंद वाकला आणि त्याचं कपाळ तिच्या गुडघ्याला लागलं. एवढा थोरला माणूस, त्याची पाठ हलत होती. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि मध्येच म्हणाली, "पिकलास की रे."

त्यानंतरचं थोडंसंच सांगायचं आहे. मालकाने त्याला चार दिवसांची सुट्टी स्वतःहून दिली. बहिणीकडून त्याने दोन कपडे आणले. औशाहून निघताना बसच्या खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसली. मिलिंदने मला बोट करून दाखवली, म्हणाला, पुढल्या बारीला वर नेतो तुमाला. मी त्याला बरणीविषयी काही बोलले नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

लातूर स्टँडवर मुखेडची गाडी लागलेलीच होती. माझ्या गाडीला वेळ होता म्हणून मी खिडकीखाली उभी राहिले. सोजरबाई खिडकीशी, तिच्याकडे चांगला कान करून मिलिंद. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला.

"मुखेड," सोजरबाई म्हणाली. "माझं हाफ आन् एक लेकराचं."

कंडक्टरने सीटच्या पलीकडे, खाली वाकून पाहिलं. "लेकरू कुठंय, मावशी?"

तिने मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्ये काय," ती म्हणाली. "ह्येचं फुल दे."